टाइम ट्रायल बघताना मोबाइलवरचा कोणता आकडा खरा मानायचा?

१९ सप्टेंबर २०२०, शनिवारची रात्र. कोरोनामुळे जुलैची टूर द फ्रान्स त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत लांबली होती आणि त्या दिवशी शेवटून दुसरी स्टेज होती. मी गावी, घरूनच काम चालू, नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. व्हिडिओ सारखा अडकत होता म्हणून तो बंद केला आणि आकड्यांचं लाइव्ह पान उघडून बसलो. पिवळी जर्सी स्लोव्हेनियाच्या प्रिमोझ रोग्लिचकडे होती. दुसऱ्या नंबरवर त्याच्याच देशाचा तादेय पोगाचार, ५७ सेकंद मागे. वय २१, दोन दिवसांनी २२ पूर्ण होणार.

शेवटच्या चढावर त्या पानावरचा फरक अचानक भराभर वाढायला लागला. मी दोनदा रिफ्रेश केलं. मग सॉफ्टवेअरवाल्याच्या आत्मविश्वासाने ठरवलं की हा जीपीएसचा बग आहे, इतका फरक इतक्या लवकर पडूच शकत नाही. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. जेवून आलो तर पिवळी जर्सी पोगाचारकडे गेलेली. सायकल शर्यतीच्या इतिहासातला एक मोठा उलटफेर चालू असताना मी आमटी-भात खात होतो.

आकडा बरोबर होता, मला तो वाचता आला नव्हता. त्यानंतर मी टाइम ट्रायल नीट समजून घेतली. फोनवर ती कशी फॉलो करायची ते इथे लिहितोय.

आधी थोडक्यात खेळ

नेहमीच्या स्टेजमध्ये दीडशेच्या वर रायडर एकत्र सुटतात, जो आधी पोचला तो जिंकला. वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये प्रत्येक जण एकटा सुटतो, साधारण एक-दीड मिनिटाच्या अंतराने, आणि ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला तो जिंकतो. दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवायला परवानगी नाही. मागून आलेल्याने तुम्हाला गाठलं तर त्याने बाजूने किमान २ मीटर अंतर ठेवून जायचं, आणि पुढच्या एका किलोमीटरनंतर तुम्ही त्याच्यापासून किमान २५ मीटर लांब असलं पाहिजे. शर्यतीच्या अगदी सुरुवातीला छोटी टाइम ट्रायल ठेवली तर तिला प्रोलॉग म्हणतात. जानेवारी २०२६ मधली आपली पुणे ग्रँड टूरसुद्धा प्रोलॉगनेच सुरू झाली.

बहु-दिवसीय शर्यतीत एकूण वेळेच्या यादीला जीसी म्हणतात. टाइम ट्रायलला याच यादीच्या उलट्या क्रमाने सोडतात: शेवटचा रायडर सगळ्यात आधी, पिवळी जर्सीवाला सगळ्यात शेवटी. वरच्या नंबरच्या रायडरांमध्ये सहसा २ मिनिटांचं अंतर असतं. टूरमध्ये साध्या स्टेजला पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते, टाइम ट्रायलला ती नसते. म्हणजे घड्याळात जो फरक दिसेल तो तसाच्या तसा जीसीत जातो. आपल्याला हिशोब करायला ही फार सोयीची गोष्ट आहे.

आणखी एक. घड्याळ ठरलेल्या वेळेला सुरू होतं, तुम्ही हजर असा वा नसा. १९८९ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता पेद्रो देलगादो लक्झेंबर्गच्या प्रोलॉगला २ मिनिटं ४० सेकंद उशिरा पोचला. ती सगळी त्याच्या खात्यावर लागली. एवढं होऊनही तो टूरमध्ये तिसरा आला!

स्क्रीनवरचे दोन प्रकारचे आकडे

माझी चूक इथे झाली होती, म्हणून जरा सविस्तर.

पहिला प्रकार म्हणजे स्प्लिट. रस्त्यात दोन-तीन ठिकाणी चेकपॉइंट असतात. सायकलवर ट्रान्सपाँडर असतो, त्या रेषेवरून गेलं की वेळ नोंदली जाते. दोन रायडरांनी एकच अंतर कापायला किती वेळ घेतला याची ही थेट तुलना आहे. हा आकडा पक्का. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमध्ये कमिट झालेला.

दुसरा प्रकार म्हणजे चेकपॉइंटच्या मधल्या भागात सतत हलणारा फरक. तो जीपीएसवरून काढलेला असतो. टूरमध्ये २०१५ पासून रायडरांच्या सीटखाली ट्रॅकर बसवतात, तो जागा आणि वेग पाठवत राहतो. पुढचा रायडर या जागेवर सुटल्यापासून कितव्या सेकंदाला होता आणि मागचा कितव्या सेकंदाला आला, याची वजाबाकी करून आकडा दाखवता येतो. गणित साधं आहे, पण सिग्नल उशिरा आला किंवा जागा थोडी चुकली की आकडा उडी मारतो. सपाटीवर ताशी ५० किलोमीटरने रायडर एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जातो, त्यामुळे तिथे काही मीटरची चूक अर्ध्या सेकंदातच जिरते. चढावर वेग ताशी २० वर आला की तीच चूक अडीचपट वाटते. झाडी आणि डोंगरही मध्ये येतात.

म्हणून मी हलणाऱ्या आकड्याची दिशा बघतो आणि किंमत स्प्लिटची धरतो. फरक एकदम दहा सेकंदांनी उडाला आणि परत आला तर तो गोंधळ. एकाच दिशेने मिनिटभर सरकत राहिला तर रस्त्यावर खरंच काहीतरी घडतंय. त्या रात्री आकडा एकाच दिशेने सरकत होता. मी मात्र त्याला बग म्हणून मोकळा झालो.

एक अपवाद लक्षात ठेवा. सायकल बदलताना वेग शून्यावर येतो, तेव्हा फरकाची उडी खरी असते.

स्टॉपवॉचची युक्ती

आता कामाची गोष्ट. फोनमधलं साधं स्टॉपवॉच पुरतं.

त्या स्टेजचं उदाहरण घेऊ. ल्युर गावापासून ला प्लाँश दे बेल फीयच्या माथ्यापर्यंत ३६.२ किलोमीटर, शेवटचे ५.९ किलोमीटर सरासरी ८.५ टक्क्यांचा चढ. पोगाचार सुटला, त्यानंतर २ मिनिटांनी रोग्लिच. रोग्लिचकडे ५७ सेकंदांची आघाडी. दोन्हींची बेरीज २ मिनिटं ५७ सेकंद, म्हणजे स्टॉपवॉचवर २:५७. हा आकडा कागदावर लिहून ठेवायचा.

पोगाचार एखाद्या चेकपॉइंटवरून गेला की स्टॉपवॉच सुरू करायचं. रोग्लिच त्याच जागी २:५७ च्या आत आला तर पिवळी जर्सी अजून त्याच्याकडे. उशिरा आला तर त्या क्षणी ती हिशोबाने पोगाचारची. इंग्रजी कॉमेंट्रीत ‘व्हर्च्युअल लीडर’ म्हणतात तो हाच.

खऱ्या स्प्लिटवरून बघा. पहिल्या चेकपॉइंटला रोग्लिच १३ सेकंदांनी मंद होता, म्हणजे स्टॉपवॉचवर २:१३. चढाच्या पायथ्याशी ३६ सेकंद, म्हणजे २:३६. अजून २१ सेकंद शिल्लक होते. फक्त एवढंच बघणाऱ्याला वाटेल की निभावेल. पण १३ वरून ३६, तेही बहुतेक सपाट रस्त्यावर, आणि अवघड भाग पुढेच होता. वरच्या रेषेवर फरक १ मिनिट ५६ सेकंद झाला, म्हणजे ३:५६. एकट्या चढावर रोग्लिचने १ मिनिट २० सेकंद गमावले. पोगाचारने ५५ मिनिटं ५५ सेकंदांत स्टेज जिंकली आणि ५७ सेकंद मागे असलेला पोरगा ५९ सेकंद पुढे गेला. १९०४ नंतरचा सगळ्यात तरुण विजेता.

या युक्तीतली मला आवडणारी गोष्ट म्हणजे ऑनलाइन व्हिडिओ अर्धा-एक मिनिट मागे असला तरी फरक पडत नाही. दोन्ही रायडर त्याच व्हिडिओत तेवढ्याच उशिराने दिसतात, वजाबाकीत उशीर निघून जातो. मात्र मध्ये बफरिंग झालं तर हिशोब गेला. आणि पहिला रायडर व्हिडिओत, दुसरा अॅपवर असं कधी करू नका. अॅप आणि व्हिडिओ यांचे उशीर वेगवेगळे असतात.

दुसरं उदाहरण तुम्हीच करून बघा. १८ जुलै २०२३, पासी ते काँब्लू, २२.४ किलोमीटर. या वेळी योनास व्हिंगेगोर पिवळ्या जर्सीत, पोगाचार १० सेकंद मागे आणि २ मिनिटं आधी सुटलेला. कागदावर काय लिहाल? २:१०. शेवटच्या रेषेवर व्हिंगेगोर पोगाचारनंतर फक्त २२ सेकंदांनी आला, कारण त्याने ही स्टेज पोगाचारपेक्षा १ मिनिट ३८ सेकंद कमी वेळात संपवली. पॉवर मीटरवरचे आकडे इतके मोठे दिसत होते की मीटर बिघडलंय का अशी शंका त्यालाच आली होती, असं त्याने नंतर सांगितलं. हे वाचून मला जरा बरं वाटलं.

एवढा फरक पडतो कशामुळे?

सपाट रस्त्यावर लढाई हवेशी असते. वेग १० टक्के वाढवायचा तर हवा कापायला साधारण ३३ टक्के जास्त ताकद लागते, कारण ती ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून टाइम ट्रायलच्या सायकलला पुढे लांब हँडल, मागे बंद चाक, डोक्यावर निमुळतं हेल्मेट. रायडर हात पुढे जोडून, मान खाली घालून बसतो. १९८९ च्या टूरची शेवटची स्टेज व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ५० सेकंद मागे होता. तो असं हँडल आणि हेल्मेट घेऊन उतरला. आघाडीवरचा लोराँ फिन्याँ उघड्या डोक्याने, पोनीटेल वाऱ्यावर. लेमाँड ५८ सेकंदांनी पुढे राहिला आणि तीन आठवड्यांची टूर ८ सेकंदांनी जिंकला. गाडीतून स्प्लिट सांगूच नका असं त्याने आपल्या टीमला बजावलं होतं. आपण आकड्यांच्या मागे लागतो, पण सायकलवर बसलेल्याला ते नको होते!

चढावर वेग कमी, त्यामुळे हवेचा त्रास कमी आणि वजनाचा जास्त. म्हणून २०२० मध्ये पोगाचार आणि रोग्लिच दोघांनीही पायथ्याशी थांबून हलकी, साधी रेसिंग सायकल घेतली. काँब्लूला पोगाचारने बदलली, व्हिंगेगोरने नाही. थांबण्यात जाणारे सेकंद चढावर भरून निघतील का, याचा हिशोब टीम आधीच करून ठेवते. स्टेजच्या नकाशात शेवटी चढ दिसला की सायकल बदलतात का यावर लक्ष ठेवा.

हवामानाचंही तसंच. १ जुलै २०२२ ला कोपनहेगनमध्ये टूरची पहिलीच स्टेज १३.२ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. जीसी अजून तयार नसल्याने कोणाला कधी सोडायचं हे टीमच्या हातात होतं. संध्याकाळी पावसाचा अंदाज होता, म्हणून अनेक टीमनी आपले मोठे रायडर लवकर उतरवले. पाऊस लवकर आला. उशिरा सुटलेल्या बेल्जियमच्या ईव्ह लाम्पार्टने वाउट व्हान आर्टला ५ सेकंदांनी मागे टाकलं. यादीत सगळ्यात वर कोण हे बघून निकाल लागला असं धरू नका. त्याच्या वेळी रस्ता ओला होता का, आणि अजून कोण सुटायचंय, हे विचारा.

बघायला बसण्याआधी

शर्यतीच्या अधिकृत अॅपवर किंवा साइटवर सुटण्याच्या वेळांची यादी आदल्या संध्याकाळी येते. ती फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेळेनुसार असते. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडचे पाच हे आपले साडेआठ. पूर्ण स्टेज चार-पाच तास चालते, ती सगळी बघायची गरज नाही. जीसीतले पहिले दहा सुटण्याच्या अर्धा तास आधी बसलं तरी चालतं, फक्त तोवर सगळ्यात वेगवान कोण हे बघून घ्या. तो ‘हॉट सीट’वर, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसलेला असतो. २०२० च्या त्या स्टेजला खुर्चीत टॉम ड्युमुलाँ होता आणि बाजूला व्हान आर्ट, दोघेही रोग्लिचचेच सहकारी. पोगाचारची वेळ दिसली तेव्हाचे त्यांचे चेहरे रेकॉर्डिंगमध्ये नक्की बघा.

मित्रांचे ग्रुप आणि स्पोर्ट्स अॅपची नोटिफिकेशन तेवढी दोन तास म्यूट करा. ती व्हिडिओच्या आधी येतात. आणि जेवण उरकूनच बसा.