मिलम : ओस पडलेलें व्यापारी गांव

कुमाऊंत गोरीगंगेच्या खोऱ्यांत सुमारें ११,००० फूट उंचीवर मिलम हें गांव आहे. तेथील पडक्या भिंती पाहून प्रवासी त्यास दुर्गम म्हणतो. इतिहास मात्र निराळेंच सांगतो. येथील शौका व्यापारी उन्हाळ्यांत उंटाधुऱ्याच्या खिंडीनें तिबेटांत धान्य नेत आणि मीठ, लोंकर, टांकणखार घेऊन परतत. तेंही शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर पिशव्या लादून! हिवाळ्यांत सारें गांव मुनस्यारीकडे उतरे.

नैनसिंह रावत याच गांवचे. ते शाळामास्तर, म्हणून 'पंडित'. आम्हां मास्तरांस त्याचा अभिमान वाटावा यांत नवल नाहीं. भूमापन खात्यासाठीं गुप्तपणें, शंभर पावलांस एक मणी असें माळेवर अंतर मोजीत, ते जानेवारी १८६६ मध्यें ल्हासास पोंचले. १८७७ सालीं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें त्यांस सुवर्णपदक दिलें. व्यापाराची वाट पिढ्यान् पिढ्या पायाखालची नसती, तर असा माणूस या गांवीं निपजला असता काय?

१९६२ च्या युद्धानें ती वाट बंद झाली. व्यापार गेला, आणि त्यामागून माणसें गेलीं. गांव दुर्गम झालें तें तेव्हां; पर्वत तर पूर्वींहि तेवढेच उंच होते. कांहीं कुटुंबें अजून उन्हाळ्यांत शेतीसाठीं वर येतात. मीठ आतां खालून न्यावें लागतें.