पॅनल्युकोपेनिया, मांजरांतील
मांजरांचा अत्यंत संसर्गजन्य आणि पिल्लांच्या बाबतीत बहुधा जीवघेणा विषाणुजन्य रोग. मांजर पाळणारे त्याला नुसते ‘पार्व्हो’ म्हणतात. १९७८ च्या सुमारास कुत्र्यांत जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू याच कुळातला. माणसाला हा रोग होत नाही.

या विषाणूला झपाट्याने विभागणाऱ्या पेशी लागतात. त्यामुळे अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर त्याच्या तावडीत सापडते. रक्तातील पांढऱ्या पेशी घटून प्रतिकारशक्ती कोलमडते. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी जाते. ताप येतो, खाणे सुटते. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेले, पण पाणी न पिणारे मांजर ही जाणकारांच्या ओळखीची खूण. पिल्लू कधीकधी दिवसभरातच दगावते आणि ‘कोणीतरी विष घातले’ असा संशय घेतला जातो. गाभण मांजरीला संसर्ग झाल्यास पिल्लांच्या निमस्तिष्काची वाढ खुंटते. अशी पिल्ले झोकांड्या खात चालतात. पण हा दोष वाढत जात नाही, नीट सांभाळल्यास ती पुरते आयुष्य जगू शकतात.

उपचार म्हणजे सलाइन, उलटी थांबवणारी औषधे व प्रतिजैविके देऊन मांजराला तगवणे.

विषाणू कमालीचा चिवट आहे. घरात तो वर्षभरही टिकतो आणि चपलांच्या तळव्यांना चिकटून आत येतो. ‘आमचे मांजर बाहेर जातच नाही’ हा युक्तिवाद म्हणून लंगडा. स्पिरिटने तो मरत नाही. फिनेलवर विसंबू नये. मांजराला ते विषारी ठरते. आधी घाण धुऊन काढावी, मग १ भाग घरगुती ब्लीच ३२ भाग पाण्यात मिसळून लादीवर १० मिनिटे राहू द्यावे. लादी पुसून वाळल्यावरच मांजर आत घ्यावे.

लस मात्र भरवशाची आहे. मांजरांच्या सर्दीला कारण होणाऱ्या हर्पीस व कॅलिसी विषाणूंवरील लसीसोबत ती एकत्र मिळते. पहिली मात्रा पिल्ले ६ ते ८ आठवड्यांची असताना, पुढे दर ३-४ आठवड्यांनी, वयाचे किमान १६ आठवडे होईपर्यंत देतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे आधीच्या मात्रा निष्प्रभ करू शकतात. त्यामुळे शेवटची मात्रा चुकवणे सर्वांत महागात पडते. गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस टोचत नाहीत. रेबीजची लस यात नसते. ती वेगळी द्यावी लागते.