देऊळ हलवलं, डोंगर कसा हलवणार?

मित्रांनो, सुट्टीत आपल्याकडचे बरेच जण केवडियाला पुतळा बघायला जातात. जरूर जा. पण तिथून नदीच्या वरच्या अंगाला थोडंसंच गेलं की आपल्या अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली लागतं, तेही लक्षात ठेवा. धरणाच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव ते हेच.

मणिबेलीला शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर होतं. परिक्रमावासी तिथे थांबायचे. १९९० च्या दशकात ते बुडालं. गुजरातमध्ये गोरा गावाजवळ त्याच नावाचं नवीन मंदिर बांधलं गेलं. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात प्राचीन स्मारकं आणि पूजास्थानं हलवायच्या खर्चाची तरतूद होती. म्हणजे देवाचंही पुनर्वसन कागदावर धरलेलं होतं!

पण कोणत्या देवाचं? सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांचा देव चार भिंतींच्या आत बसत नाही. वाघदेव जंगलाच्या कडेला, गावदेव झाडाखाली, पूर्वज शेताच्या बांधावरच्या दगडात. राणी काजल, याहा मोगी ही दैवतं डोंगर, पाऊस, धान्य यांच्याशी बांधलेली. मूर्ती गाडीत घालून नेता येते. टेकडी, नदीचा घाट आणि तिथली झाडं कशी नेणार? महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली. घरं मोजली, जमीन मोजली. त्यातही पिढ्यानपिढ्या कसलेली जंगलजमीन सरकारदरबारी 'अतिक्रमण'च.

ही गोष्ट फक्त बुडालेल्यांची नाही. ५ एप्रिल १९६१ ला नेहरूंनी धरणाची पायाभरणी केली. त्याच सुमारास केवडिया, कोठी, वाघडिया, लिमडी, नवागाम, गोरा या सहा गावांची जमीन धरणाच्या वसाहतीसाठी घेतली गेली. ही गावं पाण्यात गेली नाहीत, म्हणून त्यांना 'प्रकल्पग्रस्त' मानायलाच सरकार तयार नव्हतं. पुढे त्याच परिसरात पर्यटन आलं. ३१ ऑक्टोबर २०१८ ला १८२ मीटरचा पुतळा साधू बेटावर उभा राहिला. ही टेकडी स्थानिक आदिवासी वरता बावाची टेकरी म्हणून पूजत आलेत. जानेवारी २०१९ मध्ये तर तळ्यातल्या मगरीसुद्धा पकडून दुसरीकडे हलवल्या, का तर तिथे सी-प्लेन उतरवायचं होतं. सी-प्लेन आलं २०२० मध्ये, आणि काही महिन्यांत बंदही पडलं.

आता कोणी म्हणेल, धरणाने पाणी दिलं, वीज दिली. दिलीच. कच्छ-सौराष्ट्रात नर्मदेचं पाणी पोचलं हे खरंय. पण खाली भरूचच्या खाडीत पाणी कमी झालं, समुद्राचं खारं पाणी आत शिरलं आणि हिलसा माशावर जगणारे मच्छीमार अडचणीत आले. नदीचा हिशोब करायचा तर दोन्ही बाजूंचा करायला नको का?

मग या इतिहासातून घ्यायचं काय? मणिबेली बुडाली तेव्हा गावाच्या हातात कायद्याचं फार काही नव्हतं. आज आहे. १९९६ चा पेसा आहे. २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या कलम ५ मध्ये आपला सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा नष्ट होण्यापासून वाचवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीबाबत सुप्रीम कोर्टाने सांगितलं, डोंगराच्या देवाचा प्रश्न ग्रामसभेनेच ठरवावा. डोंगरिया कोंधांच्या बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. डोंगर आजही उभा आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. नदीकाठी रिसॉर्ट, रस्ता, घाट, जेट्टी, काहीही येऊ दे. त्याआधी आपल्या ग्रामसभेत ठराव करून गावातली देवस्थानं, देवराया, पूर्वजांचे दगड, मासेमारीचे डोह, औषधीची झाडं यांची यादी लिहून ठेवा. सामूहिक वनहक्काच्या दाव्यात ती जोडा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, जागेवर जाऊन नकाशा काढा. आपला देव कागद मागत नाही, पण सरकार मागतं.

तुमच्या गावात अशी कोणती जागा आहे? खाली कमेंटमध्ये नक्की लिहा. यादी तिथूनच सुरू करू.