चार्टर ७७

* चार्टर ७७ : राजवटीने मानवी हक्कांबाबत दिलेली वचने पाळावीत, अशी मागणी करणारे चेकोस्लोव्हाकियातील जानेवारी १९७७ चे निवेदन. लेखक त्याचा उगम १९७५ च्या हेलसिंकी करारात शोधतात. ते खरे, पण अपुरे. ठिणगी पडली ती ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या रॉक वाद्यवृंदाच्या वर्तुळातील चौघांना १९७६ मध्ये तुरुंगवास झाला तेव्हा. त्यांची गाणी फारशी राजकीय नव्हतीच, आरोपही शांतताभंगाचा! तरी या लांबकेशी पोरांसाठी नाटककार वात्स्लाव हावेल आणि तत्त्वज्ञ यान पातोच्का यांच्यासारखी मंडळी एकत्र आली. पातोच्का चार्टरच्या पहिल्या तीन प्रवक्त्यांपैकी एक. वारंवारच्या पोलीस चौकशीनंतर १९७७ च्याच मार्चमध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. – संपा.