नागपूर–राजनांदगावच्या डब्यातला अनोळखी माणूस

हल्ली एखाद्या ख्रिस्ती माणसाने बसस्टँडवर किंवा दवाखान्यात शेजारच्याला "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" असं विचारलं, की कुणीतरी मोबाईल काढतो. संध्याकाळपर्यंत "धर्मांतराचा प्रयत्न" म्हणून व्हिडिओ गावभर. मी नगरकडचा ख्रिस्ती. आमच्या घरात असं विचारणं ही जुनी रीत आहे, म्हणून या विषयावर थोडा इतिहास मांडतो. तो दोन्ही बाजूंनी बोलतो, हे आधीच सांगून ठेवतो.

१८९३ च्या सुमाराची गोष्ट. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक परदेशी गृहस्थ भेटला. गप्पा सुरू झाल्या त्या संस्कृत काव्यावरून. मग विषय धर्माकडे वळला. त्या माणसाने टिळकांना नवा करार दिला, वाचा म्हणाला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगून मोकळा झाला. टिळकांना हे धाडसच वाटलं, पण शब्द दिला म्हणून पुस्तक उघडलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे ते गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गंमत म्हणजे दोघांनीही एकमेकांचं नाव-गाव विचारलं नव्हतं.

आमच्याकडे ही गोष्ट इथवरच सांगतात. पण पुढचं सांगितल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. त्या गप्पांची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा धर्म सोडून गेला, संसार मोडला, पुढची काही वर्षं त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या तरी सोवळंओवळं, स्वयंपाक, सगळं वेगळं ठेवून. ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःला पटलं तेव्हा, स्वतःच्या वेळेने. तेव्हा "नुसते चार शब्दच तर बोललो" असं आम्ही ख्रिस्त्यांनी हलकेपणाने म्हणू नये. चार शब्दांनी घरं हलतात.

दुसरं उदाहरण मिरजेचं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन रुग्णालय सुरू केलं. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करायची ही तिथली रीत. कित्येक घरांत त्या प्रार्थनेची आठवण आजही प्रेमाने निघते. पण रेल्वेचा डबा आणि ऑपरेशनचं टेबल यांत फरक आहे. डब्यात टिळक पुस्तक परत करू शकत होते. टेबलावर झोपलेला माणूस डॉक्टरला "नको" कसं म्हणणार?

नेमका हाच प्रश्न पुढे राजकारणात आला. तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने, ज्याची राजधानी नागपूर होती, १९५४ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालात मिशनच्या शाळा-दवाखान्यांतून धर्मांतर घडवलं जातं, असा ठपका होता. १९६८ मध्ये मध्य प्रदेशने जबरदस्ती, प्रलोभन आणि फसवणूक यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदा केला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कलम २५ मध्ये धर्मप्रसाराचा अधिकार आहे, पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं न्यायालय म्हणालं. आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगायला मात्र मोकळीक ठेवली. म्हणजे या कडक निकालाच्या चौकटीतही टिळकांचा तो सहप्रवासी गुन्हेगार ठरत नाही!

आज त्याच लोहमार्गाची हवा कशी आहे? राजनांदगावच्या पुढे दुर्ग. जुलै २०२५ मध्ये दुर्ग स्थानकावर केरळच्या दोन नन्सना धर्मांतर आणि मानवी तस्करीच्या आरोपावरून अटक झाली. ऑगस्टमध्ये जामीन मिळाला. खटल्याचं जे व्हायचं ते कोर्टात होईल. पण रेल्वे स्टेशनवर ख्रिस्ती माणूस दिसला की आधी संशय, मग चौकशी, हे वातावरण कायद्याने सांगितलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. कसोटी एकच असावी: समोरच्याला मोकळेपणी "नको" म्हणता येतंय का? आमच्या लोकांनी ती स्वतःला आधी लावावी. आजारी, कर्जबाजारी, नोकरीसाठी आपल्यावर अवलंबून असलेला माणूस असेल, तर दुप्पट जपून. विचारल्याशिवाय डोक्यावर हात ठेवू नये, आणि "नको" आलं तर मदतीत तसूभर फरक पडू नये. मी विचारतो तेव्हा पुष्कळ जण "करा की दादा" म्हणतात, काही जण मान हलवून नको म्हणतात. दोघांशीही चहा होतो.

आणि मोबाईल काढणाऱ्यांनी, ठाण्यात धावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: जो आधी विचारतो, तो समोरच्याच्या हाती नकार देऊन बसलेला असतो. जबरदस्ती करणारा विचारत नसतो. विचारणं हाच गुन्हा ठरला, तर उद्या वारीच्या वाटेवर अनोळखी माणसाच्या कपाळी बुक्का लावणाऱ्यालाही कुणीतरी हटकेल. ते मला ख्रिस्ती म्हणूनही नको आहे आणि मराठी म्हणूनही.