जावरची उलटी मूस

जयपूरच्या सोडाल्यातला दहावीचा वर्ग असो की कोल्हापुरातला, धातूंचा धडा आला की फळ्यावर एक समीकरण हमखास येतं: झिंक ऑक्साइड आणि कार्बन तापवले की झिंक आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतात. मुलं ते उतरवून घेतात आणि वर्ग पुढच्या धातूकडे वळतो. या एका ओळीत जी अडचण दडली आहे, तिचं उत्तर राजस्थानातल्याच कारागिरांनी शोधलं होतं. सोडाल्यातून जाणारा अजमेर रस्ता धरून दक्षिणेला उदयपूर गाठावं आणि आणखी सुमारे 40 किलोमीटर पुढे जावं. तिथे अरवलीच्या डोंगरांत जावर आहे.

अडचण समजायला दोन आकडे पुरेत. जस्त, म्हणजेच झिंक, 907 अंश सेल्सिअसला उकळतं. त्याच्या ऑक्साइडचं कोळशानं क्षपण व्हायला भट्टी मात्र हजार अंशांच्या वर न्यावी लागते. म्हणजे जस्त सुटतं तेच मुळी वाफेच्या रूपात. शिवाय ते तांबं आणि शिशापेक्षा अधिक क्रियाशील. वाफेला हवा लागली की ऑक्सिजन पकडून तिची पुन्हा पांढरी भुकटी होते. तांबं-शिसं भट्टीच्या तळाशी ओघळून हाती येतं, जस्त धुरातून निसटतं. म्हणून पितळ फार जुनं असूनही त्यातला हा धातू बराच काळ सुटा दिसला नाही. बंद मुशीत तांबं, कोळसा आणि जस्ताचं खनिज एकत्र तापवत आणि वाफ तांब्यातच मुरवत. या रीतीनं पितळात जस्त साधारण 28 टक्क्यांपर्यंतच जाई.

जावरच्या कारागिरांनी वाफेला वर जाऊच दिलं नाही. आधी खनिज भाजून त्याचं ऑक्साइड करायचं. मग ते कोळसा वगैरे मिसळून वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भरायचं आणि तोंडाला मातीची लांब नळी जोडायची. नळीत एक काडी खोवून मूस उलटी टांगायची. काडीमुळे माल खाली सांडत नसे, पुढे ती जळून जाई आणि वाफेला वाट मोकळी होई. एका भट्टीत अशा 36 मुशी, सहाच्या सहा रांगांत. वर आग, मध्ये भोकांची मातीची जाळी, खाली थंड कप्पा. कोळशापासून झालेला कार्बन मोनॉक्साइड नळीतून खाली येई आणि हवेला आत शिरू देत नसे. त्याच्याबरोबर उतरलेली जस्ताची वाफ थंड कप्प्यात निवून द्रवरूप धातू बनून साठे.

जावरला मोठ्या प्रमाणावर जस्त गाळणं बाराव्या शतकाच्या आसपास सुरू झालेलं होतं. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत रसग्रंथात वृंताक मूषेचं, म्हणजे वांग्याच्या घाटाच्या मुशीचं वर्णन आहे. 1983 मध्ये बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांच्या पथकाला तशाच मुशी भट्टीत लावलेल्या स्थितीत सापडल्या. वापरून झालेल्या मुशींचे तिथे ढीग आहेत, घरांच्या भिंतीही त्यांनी रचलेल्या आहेत. 1988 मध्ये अमेरिकेच्या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेनं जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

युरोपात विल्यम चॅम्पियननं ब्रिस्टलमध्ये 1738 साली जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं. त्याचीही वाफ खालीच उतरत असे. जावर ज्या मेवाड राज्यात होतं, ते मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी खिळखिळं झालं आणि 1812च्या सुमाराच्या दुष्काळानंतर जावरचं काम थांबलं. विसाव्या शतकात तिथल्या खाणी पुन्हा सुरू झाल्या.

हे कारागीर रसायनाचे विद्यार्थी नव्हते, पण जस्ताचा स्वभाव त्यांनी पुरता ओळखला होता. त्यांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत, त्यांची युक्ती आली आहे. शिक्षकांना एवढीच विनंती की ते समीकरण लिहाल तेव्हा शेजारी 907 हा आकडा लिहा आणि वाफ कशी धरायची, हे आधी मुलांना विचारा. त्यांना पुरेसा विचार करू द्या. मग जावरची उलटी मूस फळ्यावर काढून दाखवा.