गोव्याचे चोरीस आणि माडाचा शिरका

डुकराचे मांस लसूण आणि द्राक्षांचे मद्य यांत मुरवून, आतड्यात भरून, धुरावर टांगून टिकविण्याची रीत पोर्तुगालच्या खेड्यापाड्यांत फार जुनी. १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क याने विजापूरकरांकडून गोवे हिरावून घेतल्यावर ती मांडवीच्या तीरी आली खरी, परंतु ज्या वनस्पतींच्या आधारावर ती उभी होती त्यांपैकी द्राक्षवेल या भूमीत नव्हती. तिची जागा माडाने घेतली, आणि माझ्या मते चोरीस या पदार्थाचा खरा इतिहास येथूनच सुरू होतो.

माडाच्या पोयीच्या, म्हणजे फुलोऱ्याच्या, टोकाला छेद देऊन मडक्यात साठणारा रस, म्हणजे सुर, रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, झाडावर चढून कमरेच्या भोपळ्यात उतरवून घेतो. ती काही दिवस आंबू दिली की तिचा शिरका होतो. या शिरक्याला केवळ आंबटपणा नसतो, तर त्यामागे एक मंद गोडसर छटा असते, आणि हाच शिरका वापरून मसाला वाटतात: सुकी तांबडी मिरची, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी, जिरे, हळद. यांतील मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्याच गलबतांनी आणलेली, मिरी मात्र मलबारची. मांसाचे बारीक तुकडे करून, मीठ लावून, दडपणाखाली ठेवून पाणी काढतात व मग ते या मसाल्यात मुरवितात. मिरचीचा तांबडा रंग स्निग्ध द्रव्यात विरघळणारा असल्यामुळे तो चरबीच्या पांढऱ्या तुकड्यांत हळूहळू उतरतो. शिरक्याचे अम्ल कुजविणाऱ्या जंतूंना रोखते. आणि ठेचल्यावाचून जागा न होणारा लसणीचा दर्प मांसाच्या मूळ वासावर मात करतो. रंग, वास व चव ही तिन्ही कामे येथे झाडपाल्याकडेच सोपविलेली आहेत. मग आतड्यात भरून, दोऱ्याने लहान मण्यांसारख्या गाठी मारून, उन्हात व चुलीवरच्या धुरात वाळविलेल्या माळा पावसाळ्याच्या बेगमीत, पुरुमेंतात, जमा होत.

या व्यवसायाची नाळ राजकारणाशीही जोडलेली होती. १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज तहनाम्याने गोव्याच्या मिठावर इंग्रज सरकारचा अंमल बसला व अबकारीची व्यवस्थाही बदलली. तो तह १८९२ साली संपुष्टात येईपर्यंत मिठागरे आणि माडी या दोहोंवर, म्हणजे चोरीसाच्या दोन मुख्य आधारांवर, परक्या दस्तुराची छाया राहिली. मीठ आणि माड या दोन गरीब वस्तूंवर एवढे राजकारण व्हावे, याचे मला आजही वैषम्य वाटते.

युरोपात अलीकडे रोजमेरीचा अर्क मिसळून सॉसेजातील चरबीचा खवटपणा रोखतात, व या प्रयोगांना शास्त्राची प्रतिष्ठा लाभली आहे, ती लाभावीच. परंतु लवंग, हळद आणि लसूण यांच्यावर विसंबून हेच कार्य करणाऱ्या सासष्टी-बार्देशच्या गृहिणींचे ज्ञान त्या प्रतिष्ठेला कमी पात्र नव्हते. आज माडावर चढणारे हात कमी होत चालले आहेत आणि कारखान्यातील कृत्रिम अम्लाची बाटली स्वस्त मिळते. तेव्हा म्हापशाच्या बाजारात चोरीसाची माळ विकत घेणाऱ्या वाचकाने भाव विचारण्याआधी शिरका कोणता, हे अवश्य विचारावे, आणि सुरेचा असेल तर चार पैसे अधिक द्यावेत.